खेळातली जोखीम आणि वडीलधाऱ्यांचा प्रमाद

वस्तीतल्या बागेत मुलांसाठी झोका टांगणे किंवा घसरगुंडी उभी करणे हे काम सरकारी कागदांत स्थापत्याचे, खरेदीचे आणि देखभालीचे म्हणून नोंदले जाते, आणि त्या त्या खात्याच्या दृष्टीने ते तसे आहेही. परंतु हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला, जाणवो वा न जाणवो, एका जुन्या धर्मविषयक प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. जे मूल आपले नाही, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही आणि जे कदाचित अजून जन्मलेलेही नाही, त्याच्या अंगाला इजा होऊ शकेल अशी वस्तू उभारण्याचा अधिकार मोठ्या माणसांना कशाच्या बळावर मिळतो, आणि तो मिळत असेल तर त्याच्या मोबदल्यात त्यांच्यावर कोणते कर्तव्य येते, असा तो प्रश्न आहे. उंची, वेग आणि तोल जाण्याची शक्यता यांच्यावाचून खेळाचे साधन होत नाही. जमिनीला टेकलेल्या घसरगुंडीकडे कोणतेही मूल फिरकणार नाही. इजेची शक्यता या वस्तूंत चुकून शिरलेली नसते, ती त्यांच्या घडणीतच असते, आणि म्हणून साधन ‘सुरक्षित’ असावे एवढे म्हणून योजनाकाराची सुटका होत नाही.

छत्तीसगडातील दुर्ग जिल्ह्यात, हावडा-मुंबई लोहमार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान असलेले रसमडा हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष योग्य आहे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याच औद्योगिक पट्ट्याच्या विस्तारातून पुढे रसमडा आणि शेजारच्या बोरईच्या परिसरात लोखंड-पोलादाचे कारखाने आले. भिलाईची कारखाना-वसाहत आधी कागदावर आखली गेली आणि मग बांधली गेली, त्यामुळे तिच्या सेक्टरांत घरांबरोबर शाळा, मैदाने आणि झाडांच्या रांगा यांनाही जागा मिळाली, आणि १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून तिला मैत्रीबागही लाभली. रसमड्याचे तसे नाही. तिथे गाव आधी होते आणि कारखाने नंतर आले, म्हणून मुलांची जागा तिथे आखणीतून मिळणार नाही, ती असलेल्यातून शोधून काढावी लागेल. मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही: १७४१ पासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेच्या कक्षेत होते, आणि पोलादाच्या ओढीने विदर्भातून आलेली कुटुंबे भिलाई-दुर्ग परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

या पट्ट्यातील घराघरांत ‘सुरक्षा’ हा शब्द मुलांना लहानपणापासून ऐकू येतो, कारण तो बापाच्या हेल्मेटवर, कारखान्याच्या फाटकावरच्या फलकावर आणि पाळी सुरू होण्यापूर्वीच्या सूचनांत असतो. तो पोकळ शब्द नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाईच्या कारखान्यात गॅसवाहिनीच्या दुरुस्तीच्या वेळी लागलेल्या आगीत अनेक कामगारांचे प्राण गेले, आणि अशा घटनांची आठवण असलेल्या समाजात धोक्याविषयीची सावधगिरी ही आदरानेच पाहण्याची गोष्ट आहे. कारखान्याचे सुरक्षाशास्त्र एका सरळ गृहीतावर उभे असते, ते म्हणजे धोक्याला स्वतःचे काहीच मूल्य नाही. उंचावर काम करणाऱ्या वेल्डरला उंचीतून काही मिळवायचे नसते, त्याला जोड लावून खाली यायचे असते, म्हणून उंचीचा धोका जितका शून्याकडे नेता येईल तितका नेणे हेच तिथे न्याय्य ठरते. हेच गृहीत जसेच्या तसे बागेत आणले की मात्र घोटाळा होतो, कारण मूल तिथे उंचीसाठीच आलेले असते. शिडीच्या चौथ्या पायरीवर थबकून खाली पाहणाऱ्या, मग पाचवीवर पाय टाकणाऱ्या किंवा न टाकता परत उतरणाऱ्या मुलाने त्या क्षणी जे केले ते दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने करण्यासारखे नसते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. मुलाला जो धोका दिसतो, ज्याचा अंदाज त्याला घेता येतो आणि ज्यापासून मागे फिरणे त्याच्या हातात असते, त्याला या विवेचनात ‘जोखीम’ म्हटले आहे. जो धोका मुलाला दिसूच शकत नाही, पण मोठ्या माणसाने पाहिले असते तर दिसला असता, त्याला ‘दगा’ म्हटले आहे. शिडीची उंची ही जोखीम आहे, शिडीची आतून गंजलेली पायरी हा दगा आहे. झोक्याचा वेग ही जोखीम आहे, झोक्याची साखळी अडकवलेल्या आकड्याचे झिजून उघडलेले तोंड हा दगा आहे. दोन आडव्या दांड्यांमधली फट सुमारे ९ ते २३ सेंटिमीटर असेल तर लहान मुलाचे धड पाय पुढे टाकून त्यातून निसटते आणि डोके अडकते, हे अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत नोंदवलेले आहे. तीन वर्षांच्या मुलाला ही मापे ठाऊक असण्याची अपेक्षा कोणी करणार नाही, कठडा जोडणाऱ्याकडून मात्र ती करावीच लागेल. जोखीम आणि दगा एकाच वस्तूत, कधी एकाच जोडात नांदतात, आणि म्हणून त्यांची निवड करताना नजर बारीक लागते.

सर्वांत मोठा दगा बहुतेक वेळा साधनात नसून साधनाखाली असतो. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीचे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा असे प्रकार मानतो. यांतली भाठा म्हणजे उंचवट्यावरची, लाल, खडेमिश्रित, पीक कमी देणारी जमीन, आणि पिकाची नसल्यामुळेच अशी जमीन गावोगाव सामायिक वापरासाठी, म्हणजे गुरांसाठी आणि खेळासाठी, मोकळी राहते. उन्हाळ्यात ती दगडासारखी टणक होते. दीड मीटर उंचीवरून पडलेले मूल जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी १९ ते २० किलोमीटर असतो. तो वेग काही सेंटिमीटरांच्या अंतरात जिरला तर मूल रडून उठते, आणि एकदोन मिलिमीटरांत जिरला तर कवटीवर येणारा आघात कित्येक पटींनी वाढतो. त्याच अमेरिकी मार्गदर्शिकेनुसार सुमारे २३ सेंटिमीटर जाडीचा सैल रेतीचा थर साधारण सव्वा मीटरपर्यंतच्या पडण्याला पुरतो, आणि तितक्याच जाडीचा लाकडाच्या ढलप्यांचा थर त्याहून बऱ्याच अधिक उंचीला. परंतु रेती पायांनी दबते, झोक्याखालून दोन्ही बाजूंना सरकते आणि पावसात चिखलाशी एकजीव होते, तेव्हा आज घातलेली रेती सहा महिन्यांनी तिथे असेलच असे नाही. याच्या जोडीला दुर्ग-भिलाईचा मे महिना आहे, ज्यात दुपारच्या उन्हात तापलेला पत्र्याचा उतार उघड्या मांडीला पोळतो. घसरगुंडीवर कडुनिंबाची सावली येईल अशी जागा निवडणे यात पैसा फारसा लागत नाही, विचार लागतो.

मुलाला न दिसणारा दगा मोठ्याने न पाहणे याला नीतीच्या भाषेत काय म्हणावे? कायदा त्याला हयगय म्हणेल. भारतीय विचारपरंपरांपैकी या बाबतीत सर्वांत काटेकोर उत्तर जैन दर्शनाने दिले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची जी व्याख्या येते तिच्यात केवळ प्राणहानी पुरेशी मानलेली नाही. प्रमादाच्या, म्हणजे गाफीलपणाच्या, योगाने झालेली प्राणहानी ती हिंसा, असे तिथे सांगितले आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात हा विचार शेवटपर्यंत नेला. जो पूर्ण सावधपणे वागत होता त्याच्या हातून नकळत जीव गेला तरी तो हिंसक ठरत नाही. उलट जो गाफील आहे त्याच्यापुढे हिंसा चालतच असते, मग कोणी मरो वा न मरो.

हा सिद्धान्त बागेला लावून पाहिला की नेहमीची समजूत उलटीपालटी होते. नेहमीची समजूत अशी की मूल पडले म्हणजे दोष घडला आणि पडले नाही म्हणजे सारे ठीक आहे; म्हणूनच बहुतेक ठिकाणी झोक्याकडे लक्ष जाते ते अपघातानंतर, आणि तेव्हाही एखादा झोका काढून टाकण्यापुरते. अमृतचंद्रांच्या कसोटीने ज्या दिवशी आकडा झिजला आणि पाहणाऱ्याने तो पाहिला नाही त्याच दिवशी हिंसा घडली, जरी त्या दिवशी शंभर मुले त्या झोक्यावर बसून हसत घरी गेली असली तरी. आणि ज्या बागेत सारे जोड तपासलेले होते, खाली रेती भरलेली होती, वयाप्रमाणे साधने वेगळी होती, तिथे एखाद्या मुलीचा हात उंचावरून उडी मारताना मोडला तर ते दुःख खरेच असते, पण ते कोणाचे पाप नसते. नैतिक भार असा परिणामावरून अवधानाकडे सरकतो. ‘काही होत नाही’ या तीन शब्दांच्या आश्रयाने जी माणसे निर्धास्त असतात त्यांच्यासाठी हे अतिशय कठोर आहे आणि ज्यांनी मनापासून काळजी घेतली त्यांच्यासाठी अतिशय करुणामय आहे.

जैन आचार याहून पुढे जाऊन कृतीही सुचवतो. साधूने पाळायच्या पाच समितींपैकी, म्हणजे वागण्यातल्या सावधपणाच्या पाच नियमांपैकी, एक समिती वस्तू उचलण्या-ठेवण्याविषयी आहे: कोणतीही वस्तू पाहिल्यावाचून उचलू नये आणि जागा पाहिल्यावाचून ठेवू नये. श्वेतांबर परंपरेत साधुसाध्वी आपली वस्त्रे आणि पात्रे रोज सकाळ-संध्याकाळ उलगडून, निरखून पाहतात. या विधीला प्रतिलेखन म्हणतात. काल पाहिले होते हे आज न पाहण्याचे कारण होत नाही, कारण जीव मधल्या काळात येऊन बसलेला असू शकतो. दुर्ग जिल्ह्यातच नगपुरा येथे पार्श्वनाथांचे मोठे तीर्थ आहे, म्हणजे ही परंपरा रसमड्यापासून दूरची नाही. झोक्याच्या साखळीची, नटबोल्टांची, वेल्डिंगच्या जोडांची आणि उघड्या पडलेल्या काँक्रीटच्या पायाची ठरावीक दिवशी पाहणी करून ती वहीत मांडणे या नीरस वाटणाऱ्या कामाला प्रतिलेखनाची प्रतिष्ठा दिली, तर ते काम करणाऱ्या माणसाची समाजातली जागाही बदलेल.

वैदिक-स्मार्त परंपरेत याच विषयाची दुसरी बाजू सापडते. तिथे धर्मकृत्यांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केलेले आहेत. इष्ट म्हणजे यज्ञादी कर्मे आणि पूर्त म्हणजे विहिरी, तळी, देवालये, अन्नदान आणि बागा अशी लोकांच्या उपयोगाची कामे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाचे सविस्तर विवेचन केले आहे, आणि मूळच्या पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ यांनी सतराव्या शतकात ‘उत्सर्गमयूख’ हा ग्रंथच त्यावर लिहिला. उत्सर्ग म्हणजे सोडून देणे: तळे बांधणारा विधिपूर्वक त्यावरचा आपला हक्क सोडतो आणि ते सर्व प्राण्यांसाठी मोकळे करतो, त्यानंतर तोही इतरांसारखाच त्या पाण्याचा एक वापरणारा उरतो. दात्याचे नाव मोठे होण्याऐवजी दात्याची मालकी विरघळावी हा यातला सुंदर भाग आहे. त्याच परंपरेने जीर्णोद्धाराला, म्हणजे जुने मोडकळीला आलेले पूर्तकर्म दुरुस्त करण्याला, नव्याच्या तोडीचे पुण्य मानले, आणि हे मानले नसते तर गावोगावची तळी एका पिढीत गाळाने भरली असती.

आजचा पूर्तधर्म कंपनी कायद्यातून येतो. २०१३ च्या कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि कारखान्यांच्या शेजारच्या गावांत या रकमेतून झोके, घसरगुंड्या आणि व्यायामाची साधने उभी राहणे ही देशभरची रीत झाली आहे. यात उत्सर्ग होतो, पण अर्धाच: मालकी सुटते, नावाची पाटी राहते, आणि सांभाळ कोणाकडे हा प्रश्न दाता आणि ग्रामपंचायत किंवा पालिका यांच्या मधोमध पडून राहतो. साधने देणाऱ्याने पुढील दहा वर्षांच्या रेतीचा, रंगाचा आणि सुट्या भागांचा खर्च पहिल्याच दिवशी बाजूला काढून दिला नाही, तर त्याने दान दिले असे म्हणणे कठीण आहे. त्याने एक दगा उभा केला, जो पाच वर्षांनी उघडा पडेल.

एवढे झाले तरी मूळ प्रश्नाचा अर्धा भाग शिल्लक राहतो. दगा काढून टाकणे हे कर्तव्य खरे, पण जोखीम मुद्दाम ठेवण्याचा अधिकार कुठून येतो? याचे उत्तर शोधताना भागवताच्या दशम स्कंधातील एक प्रसंग अधिक लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे, कारण कीर्तनात आणि चित्रांत त्याचा पूर्वार्धच रंगवला जातो. बाळकृष्णाच्या खोड्यांनी त्रासून यशोदा त्याला उखळाला बांधते. बांधलेले मूल उखळ ओढत दोन अर्जुनवृक्षांमधून जाते आणि ते प्रचंड वृक्ष उन्मळून पडतात. भक्तीच्या दृष्टीने ही वृक्ष झालेल्या कुबेरपुत्रांच्या उद्धाराची कथा आहे. पण गोकुळातल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने, ज्यांना ते मूल ईश्वर आहे हे ठाऊक नव्हते, तो एक भयंकर अपघात होता, आणि तो मुलाला बांधून ठेवलेले असताना घडला होता.

त्यानंतर जे होते ते फार विचारप्रवर्तक आहे. नंदासह सारे वृद्ध गोप एकत्र बसतात, आणि त्यांच्यातला वयाने व ज्ञानाने मोठा उपनंद झालेल्या संकटांची उजळणी करतो: पूतना आली, गाडा उलटला, वावटळीने मूल उचलून नेले, आता झाडे पडली. यातून तो असा निष्कर्ष काढत नाही की मुलाला अधिक घट्ट बांधावे. तो म्हणतो की ही जागा सोडावी, आणि नवी राने, गवत, डोंगर असलेले, गाईंना व माणसांना मानवेल असे वृंदावन तो सुचवतो. गाडे जोडून सारे त्याच दिवशी निघतात. मुलाला आवरण्याऐवजी मुलाभोवतीची भूमी बदलण्याचा हा निर्णय आहे, आणि तो एकट्या आईवर न सोपवता साऱ्या वस्तीने मिळून घेतला आहे. पुढे वृंदावनात बलराम-कृष्णांना रानात पाठवले जाते तेही पायरीपायरीने: आधी वस्तीजवळच वासरे राखायला, बरोबर खेळण्याचे सारे साहित्य घेऊन, आणि वय वाढल्यावर मोठ्या गाईंमागे दूर. संकटे तिथेही येतात, वत्सासुर येतो, बकासुर येतो, मुले संध्याकाळी घरी येऊन ते सांगतात आणि मोठी माणसे थक्क होऊन ऐकतात; पण उखळ आणि दोर पुन्हा बाहेर निघत नाहीत. लहान मुलांचा कोपरा वेगळा आणि मोठ्यांची चढण वेगळी ठेवण्याचा जो नियम आजच्या आखणीत पाळला जातो, त्याच्यामागचे शहाणपण या वासरे-गाईंच्या क्रमात आधीपासून आहे.

आता या साऱ्याचा हेतू काय, असे विचारले जाईल, आणि हल्ली त्याचे तयार उत्तर असे असते की खेळाने मुलांचे स्नायू, बुद्धी आणि आत्मविश्वास वाढतो. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण त्यातून मुलाने पुढे उपयोगी पडावे म्हणून आज खेळावे असा अर्थ निघतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, ईश्वराला काहीच मिळवायचे नसेल तर त्याने सृष्टी का केली या आक्षेपाला, ती केवळ लीला आहे असे उत्तर दिले आहे, आणि शंकराचार्यांनी त्यावरील भाष्यात सर्व इच्छा पुऱ्या झालेल्या राजाच्या क्रीडेचा दृष्टान्त घेतला आहे. ज्या कृतीला तिच्याबाहेरचे प्रयोजन लागत नाही तिला या परंपरेने विश्वाच्या उत्पत्तीइतके वरचे स्थान दिले. ज्या समाजाने देवाचे कर्म खेळाच्या रूपात ओळखले, त्याने मुलाच्या खेळाकडे फावल्या वेळेची सोय म्हणून पाहावे हे त्याला शोभत नाही. खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात आहे आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली, ही गोष्टही इथे नोंदवायला हवी.

स्थानिक जीवनात या विचाराचे जिवंत रूप हरेलीच्या दिवशी दिसते. छत्तीसगडमध्ये श्रावणातल्या अमावास्येला, जी मराठी पंचांगात आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस असते, नांगर, कुदळ, फावडे ही अवजारे धुऊन पुजली जातात आणि मुलांसाठी गेंडी केली जाते. गेंडी म्हणजे बांबूच्या दोन काठ्या, ज्यांना जमिनीपासून काही उंचीवर पाय ठेवायला आडवे तुकडे बांधलेले असतात. त्यांच्यावर चढून मूल चिखलातून चालते. घरातला मोठा माणूस बांबू निवडतो, पेरांची मजबुती पाहतो, बांधणी आवळतो, आणि मुलाच्या बेताने पायटा खाली किंवा वर बांधतो. त्यानंतर चालायचे काम मुलाचे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या छत्तीसगडिया ऑलिंपिकमध्येही गेंडीची शर्यत आणि फुगडी यांचा समावेश होता.

फुगडी हे नाव दोन्ही प्रदेशांत आहे, आणि एकनाथ-तुकारामांनी मराठी फुगडीला भारुडा-अभंगांत आध्यात्मिक रूपक म्हणून आणले हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिच्यात दोघी हातांची अढी घालतात, पावले जुळवतात, अंग मागे झोकून देतात आणि गिरक्या घेतात. वेग जितका वाढतो तितका तोल कोणा एकीवर अवलंबून राहत नाही, तो जोडलेल्या हातांत असतो. गरगरणे, भोवळ, पडण्याची भीती हे सारे दोघींना ठाऊक असते आणि त्यातच गंमत असते. अक्षम्य एकच गोष्ट असते, मध्येच हात सोडणे. बागेतल्या मुलाचाही एक हात असाच, त्याने कधी न पाहिलेल्या वेल्डरच्या, सरपंचाच्या, अभियंत्याच्या हातात असतो.

या विचाराविरुद्ध सर्वांत गंभीर आक्षेप तत्त्वज्ञाचा नाही, तो मूल गमावलेल्या आईबापांचा आहे. वॉर्सॉमधील अनाथालयाचे संचालक, बालरोगतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी मुलांच्या हक्कांची मांडणी करताना मृत्यूचा हक्कही त्यांत धरला. त्यांचे म्हणणे असे होते की मरणाच्या धास्तीने मोठी माणसे मुलाला जगूच देत नाहीत. हे वाक्य लिहिणारा माणूस १९४२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मुलांना एकटे न सोडता त्यांच्याबरोबर ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गेला, म्हणून ते हलकेपणाने उच्चारलेले नाही हे मान्य करावे लागते. तरीही ज्या घरात अपघात झाला त्या घरात ते म्हणता येत नाही, आणि म्हणू नये. तिथे दुसरेच एक वाक्य अनेकदा ऐकू येते, की त्याचे आयुष्य तेवढेच होते. शोक करणाऱ्याने ते स्वतःला समजावण्यासाठी म्हटले तर ते आदराने ऐकावे. पण झोक्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याने ते म्हणणे हा प्रारब्धाच्या सिद्धान्ताचा दुरुपयोग आहे. प्रारब्ध मानणाऱ्या परंपरेनेच प्रयत्नाचा महिमाही गायिला आहे, योगवासिष्ठात दैवापेक्षा पौरुषाला वरचढ ठरवले आहे आणि समर्थांचा दासबोध तर यत्नाच्या गौरवाने भरलेला आहे. दैव हे सोसणाऱ्याचे सांत्वन आहे, ते करणाऱ्याची सबब होऊ शकत नाही.

रसमड्यासारख्या गावात बाग आखताना यातून काही ठोस गोष्टी निघतात. पहिला विचार जागेचा, कारण माल वाहणाऱ्या ट्रकांचा रस्ता ओलांडून मुलांना जावे लागत असेल तर तो रस्ताच आतल्या कोणत्याही साधनापेक्षा अधिक घातक असतो. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली, त्याच न्यायाने दोन छोट्या बागा दोन मोहल्ल्यांत असणे एका देखण्या मोठ्या बागेपेक्षा बरे. साधने कमी असली तरी चालतील, खालची भूमी मऊ असली पाहिजे. चढायला एखादी खरी उंची असावी, ती सुरक्षेच्या नावाखाली कापून टाकू नये. पायाने अधू असलेल्या मुलाला वाळूतून चाकाची खुर्ची नेता येत नाही, हे ध्यानात घेऊन त्याच्या झोक्यापर्यंत पक्की वाट ठेवावी.

आणि पाहणीसाठी बाहेरून तज्ज्ञ शोधण्याची या गावाला गरज नाही. लोखंडाचा जोड कुठे थकतो, बोल्ट किती आवळायचा, साखळी केव्हा बदलायची हे ज्यांच्या हातांना तीस-तीस वर्षे ठाऊक आहे असे फिटर, वेल्डर आणि रिगर या पट्ट्यात गल्लोगल्ली निवृत्त होऊन बसलेले आहेत. कारखान्याची सुरक्षा बागेत आणायची ती इथे, जोडांच्या तपासणीत, मुलाच्या चढण्यात नव्हे. अशा दोघातिघांकडे पान्हा, ग्रीसचा डबा आणि वही सोपवावी, हरेलीपूर्वी आणि पावसाळा संपल्यावर मोठी पाहणी आणि एरवी दर आठवड्याची फेरी ठरवावी, आणि एक अधिकार त्यांना लेखी द्यावा: साखळी झिजलेली दिसली तर कोणाच्याही मंजुरीची, ठरावाची किंवा निधीची वाट न पाहता त्याच क्षणी तो झोका उतरवून ठेवण्याचा.